मुलाखतीची तयारी

"उद्या मुलाखत आहे," एवढंच मी शेजारच्या काकूंना बोलून गेलो. त्यांनी लगेच हातावर दही-साखर ठेवली आणि विचारलं, "कुठल्या बँकेत?" आता सांगणार काय! तुरुंगात कैद्याला भेटायला जाण्यालाही मुलाखतच म्हणतात. दही-साखर खाऊन टाकली.

माझ्या मावसभावाने बांधावरच्या हापूसच्या कलमावरून चुलत्याला काठी हाणली. झाडाचं कलम एकच, पण पोलिसांनी त्यापायी न्याय संहितेची तीन कलमं लावली. तेव्हापासून स्वारी अलिबागला, हिराकोटात. कान्होजी आंग्र्यांनी १७२० साली बांधलेला किल्ला तो, आता तिथे कारागृह आहे. मावशी गावात सांगताना 'तुरुंग' शब्द उच्चारत नाही. "किल्ल्यावर असतो हल्ली," म्हणते.

वकिलांनी बजावलं होतं: आधार कार्ड हवं, मोबाइल बाहेर ठेवायचा, घरचं खाणं न्यायचं नाही, अंगझडती होणार. यातलं तिसरं मावशीच्या कानापर्यंत पोचलंच नाही. पहाटे चारला आंबोळ्यांचा वास आला म्हणून उठलो, तर डबा भरून तयार.

"मावशी, घेणार नाहीत ते."

"मग दोन डबे करते. एक त्यांना."

"त्याला वेगळं कलम आहे गं!"

मग धातूचा प्रश्न. यंत्र वाजेल म्हणून मी मावशीला अंगावरच्या पिना काढायला लावल्या. आमच्याकडच्या बायकांच्या अंगावर किती पिना असतात, हे मला त्या दिवशी कळलं. खांद्यावर दोन, निऱ्यांना एक, पोलक्याला एक आणि बांगडीत अडकवलेला पाच पिनांचा घोस, 'कोणाला लागली तर'. सगळ्या वाटीत जमा झाल्या. आता पदर ठरेना. ती म्हणाली, "माझंच काय बघतोस? तुझा पट्टा काढ." काढला. गेल्या पावसाळ्यातल्या टायफॉइडनंतर माझी पँट केवळ त्या पट्ट्याच्या भरवशावर होती.

फाटकाशी आम्ही उभे राहिलो ते असे: तिने पदर धरलेला, मी पँट. शिपाई म्हणाला, "हात वर करा." मी एकच केला.

"दोन्ही."

"साहेब, अडचण आहे."

अडचण त्याने स्वतःच पाहिली आणि तोंड फिरवून हसला. यंत्र मात्र वाजलं नाही. आम्ही सुटलोच म्हणायचं, तेवढ्यात माझ्या खिशातून कागदाची पुडी निघाली. आत काहीतरी काळं, चिकट, चुरगळलेलं. शिपायाचं हसू मावळलं. मला घाम फुटला. वस्तू माझीच, पण तिचं नाव काही केल्या आठवेना.

त्याने पुडी नाकाशी नेली. "आमसूल?"

"हो हो, आमसूल! पित्तासाठी."

"घरचं?"

"मावशीचं."

"बाहेर ठेवा," म्हणाला. पण पुडी टेबलावर ठेवताना त्याने बोट चाटलेलं मी पाहिलं. मावशीनेही पाहिलं, आणि दोन डब्यांवरून माझ्याकडे असं बघितलं की बस.

आत जाळीपलीकडे भाऊ आला. मावशीचे डोळे भरले. पदर सोडता येत नव्हता, म्हणून तिने ते दंडाला पुसले.

"जेवतोस ना रे?"

"ते राहू दे," तो म्हणाला. "काकाने आंबे उतरवले का?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. चार पेट्या आठवड्यापूर्वीच वाशीला गेल्या होत्या.

"नाय रे," ती म्हणाली. "अजून कच्चे आहेत."