आयुर्वेदिक आहे म्हणून डॉक्टरांना सांगायचं नाही?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी गुडघेदुखीसाठी विजया तेलाची, म्हणजे भांगेच्या पानांच्या तेलाची, जाहिरात टाकली आणि जुंपली. निम्मे म्हणे, "शी, गांजा विकताय?" उरलेले म्हणे, "आयुर्वेदिक आहे हो, अपाय कसला?" मला दोन्ही पटत नाही, पण भीती या 'अपाय कसला' म्हणणाऱ्यांची जास्त वाटते.

१९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविरोधी, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, चरस म्हणजे राळ. नुसती पानं त्या व्याख्येत नाहीत. म्हणून पानांच्या अर्काची तेलं आयुष परवान्यावर बनतात आणि चिठ्ठीवर मिळतात. इथवर ठीक. पण औषध नियमांच्या ई-१ यादीत हीच भांग विषारी द्रव्यांत मोडते, म्हणजे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची. हे ग्रुपवर कुणी सांगत नाही.

माझ्या कोथरूडच्या आत्याची नागीण बरी झाली, दुखणं मात्र राहिलं. बरगडीवर पदर घासला तरी कळवळायची. भिशी सुटली, लक्ष्मी रोड सुटला. मग व्हिडिओ कॉलवर चिठ्ठी मिळाली आणि ड्रॉपरने जिभेखाली तेल सुरू झालं. रात्रीची झोप परत आली. "दुखतं गं, पण आता जीव खात नाही," असं तीच म्हणाली. मी ते खोटं मानत नाही.

पण आत्याच्या हृदयाची झडप बदललेली आहे, रोज वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, चालू असते. यकृतातलं जे एन्झाइम वॉरफरिनचा निचरा करतं, त्यालाच तेलातलं सीबीडी हे भांगेतलं द्रव्य अडवतं. रक्त नको इतकं पातळ होऊ शकतं. कॉलवर कुणी विचारलं नाही आणि हिने हृदयाच्या डॉक्टरांना सांगितलं नाही. का, तर "या वयात भांग घेते म्हणतील!" रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आयएनआर तपासणीत भलताच वाढलेला आला, तेव्हा कुठे फ्रिजमधल्या मोरावळ्याच्या बरणीमागून ती बाटली बाहेर निघाली.

आणि पुरावा? २०१७मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी जुनाट दुखण्यासाठी भरीव पुरावा आहे म्हटलं. २०१९मध्ये ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेने त्यासाठी देऊ नका म्हणून सांगितलं, २०२१मध्ये वेदनातज्ज्ञांच्या जागतिक संघटनेनेही पाठिंबा दिला नाही. तज्ज्ञांचंच एकमत नाही, तिथे "शंभर टक्के गुण" छापणाऱ्यांना काय म्हणायचं! तरी बाकी सगळं करून थकलेल्या माणसाने हे घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. म्हाताऱ्या माणसाला टीएचसीने, म्हणजे भांगेतल्या नशा आणणाऱ्या द्रव्याने, चक्कर येते, रात्री बाथरूमला जाताना तोल जातो, हे माहीत असू द्या. आणि डॉक्टरांकडे जाताना बाकीच्या गोळ्यांबरोबर ही बाटलीही पिशवीत टाका.

त्या तेलाच्या कंपनीला मी फोन केला. एका थेंबात टीएचसी किती?

"मॅम, फुल स्पेक्ट्रम आहे."

म्हणजे किती मिलिग्रॅम?

"मॅम, नॅचरल आहे."

ती बाटली बंद केली. आता आत्या दुसऱ्या कंपनीचं तेल घेते, त्यांनी बॅचचा लॅब रिपोर्ट मागितल्यावर लगेच पाठवला. मात्रा कमी केली आहे, आयएनआर वरचेवर तपासतो, आणि हृदयाच्या डॉक्टरांनी केसपेपरवर वॉरफरिनच्या खालीच विजया तेल लिहून ठेवलंय.