तक्ता भरा म्हणे

आज सकाळी चहा घेता घेता ग्रुपवर आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल लीगची, एक एक्सेल शीट येऊन पडली. ‘आयएसएल प्रेडिक्शन! एक ते चौदा नंबर भरा, रविवारपर्यंत. जिंकेल त्याला मिसळ.’ खाली अंगठे, बदाम, नाचणारी माणसं. दोघांनी तर अर्ध्या तासात भरूनही टाकली. मोहन बागान एक, गोवा दोन, मुंबई तीन.

माझं डोकंच फिरलं.

अरे बाबांनो, महिन्यापूर्वी ही लीग होणार की नाही हे तुमच्यापैकी एकाला तरी माहीत होतं का? २०२५च्या जुलैमध्ये लीग चालवणाऱ्या एफएसडीएल कंपनीने ती ‘होल्ड’वर टाकली, कारण फुटबॉल फेडरेशनबरोबरचा २०१०चा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचं कुणालाच ठरवता येत नव्हतं. ऑगस्टमध्ये बंगळुरूच्या क्लबने खेळाडूंचे आणि स्टाफचे पगार थांबवले. फेडरेशनने लीग चालवण्यासाठी टेंडर काढलं, नोव्हेंबरमध्ये मुदत संपली, एकही बोली आली नाही. एकही! नवीन वर्ष उजाडलं तेव्हा छेत्री, गुरप्रीत, झिंगन हे भारताचे खेळाडू व्हिडिओ करून फिफाला साकडं घालत होती. मग ६ जानेवारी २०२६ला क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं, १४ फेब्रुवारीपासून लीग. आणि आमची मंडळी लगेच पेन सरसावून बसली. मुलीच्या बापाने अजून होकार दिला नाही आणि तुम्ही पंगतीत जिलबी की श्रीखंड यावर भांडताय.

हे सगळं मला इतकं का लागतं, तर माझ्या भाच्यामुळे.

२०१९मध्ये तो शाळेत होता. दर उन्हाळ्यात एका दोनशे पानी वहीत पुढच्या सीझनचा तक्ता करायचा. पट्टीने रेघा मारून. सामने, जय, पराजय, गोल, गुण, सगळं. बालेवाडीला मॅच बघायला आम्ही दोघं जायचो, येताना गाडीवर मागे बसून मला त्या वहीतला हिशेब ऐकवायचा. त्या वर्षी त्याने आमच्या एफसी पुणे सिटीला तिसरं ठेवलं होतं. आदल्या सीझनला सातवे होतो आम्ही, पण फॉरवर्डला मार्सेलिन्हो आहे ना मावशी, म्हणाला. आणि ऑगस्टमध्ये बातमी आली की क्लबच राहिला नाही, जागा हैदराबादला गेली. मार्सेलिन्होही गेला.

पोराने खोडरबराने ‘पुणे’ खोडलं आणि त्याच चौकटीत ‘हैदराबाद’ लिहिलं. तिसरा नंबर तसाच ठेवला! मग मला विचारतो, “मावशी, म्हणजे आता आपण कुणाचे?”

मला काही सुचलं नाही. भेळ खायला घेऊन गेले त्याला.

आता सांगा, कुठल्या पंडिताच्या अंदाजात हे होतं? फॉरवर्ड कोण, गोली कोण, कोच कुठली सिस्टीम खेळवणार यावर तासभर बोलतील. मालकाचा ताळेबंद, कोर्टाची तारीख, यावर चकार शब्द नाही. आणि आपल्याकडे सीझन ठरतो तो तिथेच. ज्या हैदराबादवर त्याने तिसरा नंबर लिहिला, ते पहिल्या वर्षी तळाला. दोनच वर्षांनी, मार्च २०२२मध्ये, तेच गोव्यात फातोर्ड्याला केरळा ब्लास्टर्सना पेनल्टीवर हरवून चॅम्पियन. आणखी दोन वर्षांनी पैसा आटला, अख्ख्या सीझनमध्ये आठ गुण, परत तळाला. आता तीच जागा उचलून दिल्लीला गेली. पुण्याची जागा फिरत फिरत दिल्लीत पोचली, आणि तुम्ही त्या रांगेत ‘१३’ लिहून मोकळे झालात.

पुणेकरांनी तरी लाज बाळगा राव. पुणे एफसी आठवतोय का? २०१२-१३ला आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वात वरच्या लीगमध्ये, दुसरा आला होता, गोव्याच्या चर्चिलच्या खालोखाल. देशात दुसरा! गेला. भारत एफसी, एक सीझन, गेला. डीएसके शिवाजियन्स, गेला. मग एफसी पुणे सिटी. एका शहराने इतके क्लब पोचवलेत, आणि आपण विचारतो की लोक बार्सिलोनाचे टी-शर्ट का घालून फिरतात. गोव्यात तर आणखी वाईट. धेंपो म्हणजे पाच वेळा देशाचा विजेता. साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो तिघंही २०१६मध्ये आय-लीगमधून निषेध म्हणून बाहेर पडले. त्याच्या आदल्या वर्षी कुणी हा अंदाज केला असता तर मडगावात त्याला लोकांनी येड्यात काढला असता.

आणि चर्चिल! २०२४-२५च्या आय-लीगचा निकाल लागला कुठे? मैदानात नाही. एप्रिलमध्ये चर्चिल चॅम्पियन म्हणून जाहीर झाले, जुलैमध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने सांगितलं की नाही, इंटर काशी. पुढच्या सीझनचं सोडा, आपल्याला झालेल्या सीझनचाही अंदाज करावा लागतो.

बरं, अंदाज बांधण्यात मजा असते, मान्य. इंग्लंडमध्येही पंडित तोंडावर आपटतात, २०१५-१६ला लेस्टर क्लबवर ५०००ला १ भाव होता आणि ते लीग जिंकले. पण तिथे लेस्टर ऑगस्टमध्ये मैदानात उतरणार आणि ३८ सामने खेळणार हे तर ठरलेलं होतं ना? चुकायलासुद्धा काहीतरी पक्कं लागतं.

तरी आपल्याकडचं लेस्टर कुणाला आठवत नाही याचा जास्त राग येतो. २०१६-१७चं मिझोरामचं ऐझॉल. आदल्या वर्षी रेलिगेट झालेला, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललेला संघ, नशिबाने परत घेतलेला. कोच कोण, तर खालिद जमील, जो कितीतरी वर्षं मुंबई एफसीला सांभाळत होता आणि तिथून नुकताच मोकळा झाला होता. ऐझॉल आय-लीग जिंकलं. बागानला मागे टाकून! आणि त्याच सीझनला मुंबई एफसी शेवटून पहिली आली, खाली गेली आणि पुढे बंदच पडली. भाच्याच्या वहीत तेव्हा ऐझॉल शेवटचं होतं. चिडला नाही तो. त्या पानावर एवढा मोठा मिझोरामचा नकाशा काढला होता त्याने.

हे लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. तर मघाशी त्यालाच ती शीट पाठवली. आता इंजिनिअरिंगला आहे, आर्सेनलचा भक्त. प्रीमियर लीगचा तक्ता त्याचा ऑगस्टपासून तयार, विसाच्या विसा जागा, कारणांसकट. आयएसएलची शीट मात्र कोरीच परत आली. वर एक ओळ, “मावशी, आधी सुरू तर होऊ दे.” हसण्याची इमोजीसुद्धा नाही.

पट्टीने रेघा मारणारं पोर हो हे! त्याला कुणी घालवलं? त्याला आळस नाही, इंग्रजी फुटबॉलची फॅशन पण नाही. त्याला एकदा खोडरबर हातात घ्यावं लागलं, बस. एफएसडीएलने पैसा ओतला, टीव्हीवर चकाचक दिसलं, ठीक आहे, तेही खरं. पण वहीतलं नाव कायम राहील एवढं कुणी बघितलं नाही.

तेव्हा शीट करणाऱ्याला विनंती, एक कॉलम वाढव. ‘पुढच्या ऑगस्टमध्ये हा क्लब याच गावात असेल का? हो / नाही.’ खरी परीक्षा तिथे आहे.

आणि आता म्हणाल की मावशी नुसतीच बडबडते, तर घ्या माझा तक्ता. यंदा प्रत्येकाला तेराच सामने. एकेकदाच गाठ, एकूण ९१. महिनाभर एखादा फॉरवर्ड लंगडला तर सीझन गेला, चूक निस्तरायला वेळच नाही. परदेशी खेळाडू कित्येक ठिकाणचे निघून गेलेत. म्हणून ज्यांचा संघ कमी विस्कटला ते वर. गोवा पहिलं. २०२५मध्ये दोनदा सुपर कप जिंकलेत, आशियाई स्पर्धेत मार खाल्ला असला तरी रोनाल्डोच्या क्लबसमोर (रोनाल्डो आला नाही तो नाहीच) उभे राहून आलेत. बागान दुसरं. कोच लोबेरा आता त्यांच्याकडे आहे, संघही तगडा, पण इतके दिवस रिकामं बसून पाय जड होतात. ईस्ट बंगाल तिसरं, मला हसा.

मुंबई सिटी सहावी. डिसेंबरमध्ये मालकीत वाटा असलेला सिटी ग्रुप हात झटकून गेला, आता जुन्या मालकांवर सगळा भार, मी तरी वर ठेवणार नाही. मुंबईवाल्यांनो, शिव्या इनबॉक्समध्ये द्या. इथे माझे सासरे वाचतात.