समित्या म्हणजे फक्त चहा आणि भत्ता? फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की नागपुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: खासदार-आमदारांच्या समित्या म्हणजे चहा, भत्ता आणि सह्या. कायदा लिहितात अधिकारी. व्हिपमुळे, म्हणजे पक्षाच्या आदेशामुळे, सदस्याला तोंड उघडता येत नाही. समितीकडे गेलेलं विधेयक रखडतं, आणि लोकांच्या सूचना कुणी वाचत नाही. मजकुरामागचा राग आम्हाला समजतो. पण त्यातली बरीच माहिती चुकीची आहे, आणि त्यामुळे जाब विचारायचा तिथे विचारलाच जात नाही.

कायदा अधिकारीच लिहितात, इथून सुरुवात करू. पहिला मसुदा तेच लिहितात, हे खरं आहे. पण त्याचं पुढे काय होतं, ते नागपूरकरांना जवळच्या उदाहरणावरून बघता येईल. मोटार वाहन (सुधारणा) विधेयक आपले खासदार आणि रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी ९ ऑगस्ट २०१६ रोजी लोकसभेत मांडलं. त्यात त्रयस्थ पक्ष विम्यासाठी (आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणाऱ्या विम्यासाठी) विमा कंपनीच्या देण्यावर कमाल मर्यादा होती: मृत्यू झाल्यास १० लाख, गंभीर दुखापतीला ५ लाख. कागदावर हे सुटसुटीत दिसतं. पण अपघात दावा न्यायाधिकरण किती भरपाई देईल, त्याला मर्यादा नव्हती.

आता हिशोब करा. मृत माणूस ३५ वर्षांचा, महिना २०,००० कमावणारा, घरात पत्नी आणि दोन मुलं. वर्षाचे २,४०,०००, त्यातून एक तृतीयांश त्याचा स्वतःचा खर्च वजा, उरले १,६०,०००, त्याला या वयाच्या १६ या गुणकाने गुणायचं. पुढची पगारवाढ न धरताही भरपाई २५,६०,००० होते. कंपनी १० लाखांवर थांबली असती, तर उरलेले १५,६०,००० गाडीमालकाकडून वसूल करायचे. नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रकच्या मालकाने ते कुठून द्यायचे? निकाल लागला असता आणि त्या बाईच्या हाती कागद उरला असता. परिवहनविषयक स्थायी समितीने फेब्रुवारी २०१७ च्या अहवालात या मर्यादेला हरकत घेतली. १० एप्रिल २०१७ रोजी लोकसभेने विधेयक मंजूर केलं तेव्हा ती मर्यादा गेलेली होती, आणि २०१९ च्या कायद्यातही ती नाही. विधेयकाच्या एका खंडातली, म्हणजे कलमातली, एक तरतूद गळाली, पण देशभरातल्या दाव्यांवर तिचा परिणाम झाला असता.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा, कारण मेसेज लिहिणारे सगळ्या समित्या एकाच मापाने मोजतात. विभागांशी संबंधित स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या, आज त्या २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. ही समिती शिफारस करते, विधेयकाच्या मजकुराला स्वतः हात लावत नाही. सरकारने शिफारस मानली तर सरकारच सभागृहात दुरुस्ती आणतं. एखाद्या विधेयकापुरत्या नेमलेल्या प्रवर समिती (एका सभागृहाची) आणि संयुक्त समिती (दोन्ही सभागृहांची) यांचं तसं नाही. त्या विधेयकाचे शब्दच बदलतात, आणि पुढे सभागृहात चर्चेला येतो तो समितीने सुधारलेला मजकूर. त्या छापील प्रतीत नवे शब्द अधोरेखित असतात किंवा बाजूला रेघ असते, आणि काढलेल्या शब्दांच्या जागी फुल्या दिसतात. पाच मिनिटं ती प्रत चाळली तरी समितीने काय केलं ते कळतं.

काम कसं चालतं तेही थोडक्यात. विधेयक सोपवलं गेलं की मंत्रालयाचे सचिव येऊन ते समजावतात. जाहिरात देऊन निवेदनं मागवली जातात, तज्ज्ञांच्या आणि संघटनांच्या साक्षी होतात, सदस्य दुरुस्त्यांच्या लेखी सूचना देतात. मग खंडवार विचार, म्हणजे एकेका खंडावर चर्चा. सहसा तो खंड २ पासून सुरू होतो; संक्षिप्त नाव असलेला खंड १ आणि विधेयकाचं दीर्घ शीर्षक शेवटी घेतात, कारण आत बदल झाले तर बाहेरचं नावही बदलावं लागू शकतं. आपल्या विधिमंडळातही असं घडलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात पुन्हा मांडलेलं जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं. कामठीचे आमदार आणि महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे तिचे प्रमुख होते. बारा हजारांवर सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये अहवाल आला तेव्हा शीर्षकाचा मजकूर बदललेला होता आणि तपासाचा अधिकार उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला होता. हा कायदा अनेकांना तरीही मान्य नाही, आणि ती हरकत वेगळ्याने ऐकण्याजोगी आहे. पण समितीत काहीच बदलत नाही, हे म्हणणं टिकत नाही.

व्हिपचा मुद्दा. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीतली (पक्षांतरबंदीची) अपात्रता सभागृहातल्या मतदानाशी जोडलेली आहे, समितीतल्या मताशी नाही. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरा नसतो, त्यामुळे सत्ताधारी सदस्यही अधिकाऱ्याला अडचणीचा प्रश्न विचारू शकतो. विरोधात असलेला सदस्य भिन्नमतपत्रिका, म्हणजे आपलं वेगळं मत लेखी, जोडू शकतो आणि ती अहवालासोबत छापली जाते. तरीही वादग्रस्त विधेयकांवर पक्षाची रेघ दिसतेच. वक्फ सुधारणा विधेयकाच्या संयुक्त समितीत जानेवारी २०२५ मध्ये १४ दुरुस्त्या स्वीकारल्या गेल्या; त्या सगळ्या सत्ताधारी बाजूच्या होत्या.

समितीमुळे कायदा रखडतो, हे सरसकट खरं नाही. दिवाळखोरी संहिता २१ डिसेंबर २०१५ रोजी मांडली, संयुक्त समितीचा अहवाल २८ एप्रिल २०१६ रोजी आला, आणि मे महिन्यात दोन्ही सभागृहांनी ती मंजूर केली. ४२ कायद्यांना हात घालणाऱ्या जनविश्वास विधेयकाचा अहवाल तीन महिन्यांत तयार झाला. मोटार वाहन विधेयक मात्र खरोखर रखडलं. लोकसभेनंतर राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवलं. तिचा अहवाल डिसेंबर २०१७ मध्येच आला, पण पुढचं वर्षभर मंजुरी झाली नाही आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली. लोकसभेने मंजूर करून राज्यसभेत पडून असलेलं विधेयक विसर्जनाबरोबर व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. राज्यघटनेचा अनुच्छेद १०७ तसं सांगतो. म्हणून ते जुलै २०१९ मध्ये नव्याने मांडावं लागलं. आणि घाईची किंमतही विसरू नये: २०२० चे तीन कृषी कायदे कुठल्याही संसदीय समितीकडे गेले नाहीत आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घ्यावे लागले.

मेसेजने राग धरायचाच तर इथे धरायला हवा होता. विधेयक समितीकडे पाठवणं बंधनकारक नाही. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६ टक्के. समित्या निरुपयोगी आहेत असं आपणच म्हणत राहिलो, तर त्यांना वळसा घालणाऱ्यांचं काम सोपं होतं. भत्त्याबद्दल बोलायचं तर खासदाराचा दैनिक भत्ता २,५०० रुपये आहे. त्याने काम केलं की नाही, हे अहवालाच्या शेवटी जोडलेल्या इतिवृत्तांत दिसतं. प्रत्येक बैठकीला कोण हजर होतं त्याची नावं तिथे असतात. अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. आपल्या भागातल्या सदस्याचं नाव त्यात शोधा आणि गैरहजेरी दिसली तर त्याच्या कार्यालयात जाऊन विचारा.

उरला सूचनांचा प्रश्न. वक्फ विधेयकावर सुमारे ९७ लाख निवेदनं आली. एकच मजकूर लाखोंनी पाठवला की त्याची नोंद संख्या म्हणून होते. त्यातून दुरुस्ती निघणं अवघड. उपयोगी पडतं ते नेमकं निवेदन. संसदेच्या समितीसाठी ते इंग्रजी किंवा हिंदीत, बहुधा दोन प्रतींत मागवतात, आणि मुदत अनेकदा जाहिरातीपासून १५ दिवसांचीच असते. ‘हे विधेयक जनविरोधी आहे, मागे घ्या’ एवढंच लिहिलं तर खंडवार विचाराच्या वेळी ते कुठेच बसवता येत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे निवेदन मंत्र्याला पाठवणं. ते समितीच्या सचिवालयाच्या पत्त्यावरच जायला हवं. पाठवल्यावर ते समितीच्या अभिलेखाचा भाग होतं आणि गोपनीय मानलं जातं, म्हणून त्याची प्रत लगेच फेसबुकवर टाकू नये.

नमुना म्हणून आजच्याच कायद्यातली एक तरतूद घ्या. २०१९ च्या दुरुस्तीने अपघात भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करण्याची अट घातली. पुढे कधी हा कायदा समितीपुढे आला, तर निवेदन असं लिहावं: ‘कलम १६६, पोटकलम (३) मध्ये, “सहा महिने” याऐवजी “बारा महिने” हा मजकूर घालावा. कारण: जखमी व्यक्ती दीर्घकाळ रुग्णालयात असल्यास अपंगत्वाचं प्रमाणपत्र सहा महिन्यांत मिळत नाही.’ खाली वकील असाल तर हाताळलेल्या अशा प्रकरणांच्या तारखा, नावं वगळून. आणि शेवटची ओळ: ‘समितीपुढे तोंडी साक्ष देण्याची माझी इच्छा आहे.’ ही ओळ लिहायची राहिली, तर समितीने साक्षीला बोलावण्याची शक्यता फार कमी होते.