लॉसलेस वर्गणीबद्दलच्या आपल्या तक्रारीस दुकानाकडून उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या विश्रामबागेतील दुकानाला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. वडिलांसाठी अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी घेताना मी आपल्याला गाण्यांच्या एका सेवेची महाग, लॉसलेस (म्हणजे मूळ ध्वनीतले काहीही न वगळणाऱ्या) दर्जाची वर्गणी घ्यायला लावली. मिरजेला घरी गेल्यावर तिच्यात आणि आधीच्या स्वस्त सेवेत काडीचाही फरक ऐकू आला नाही. वडिलांना हवी असलेली जुनी नाट्यपदे सापडली नाहीत. फुकटचा महिना संपताच खात्यातून पैसे गेले आणि दुकानात फोन केल्यावर "कंपनीला विचारा" एवढेच उत्तर मिळाले, असे आपले म्हणणे आहे. यामागे माझे कमिशन असावे, अशी शंकाही आपण व्यक्त केली आहे.

कमिशनचे आधी सांगतो. कोणत्याही सेवेकडून आम्हाला एक रुपयाही मिळत नाही. आपल्या पावतीवर यंत्रे, केबल आणि जोडणी एवढ्याचेच पैसे आहेत. मुख्य तक्रार मात्र खरी आहे आणि त्यात चूक माझी आहे.

दुकानात आपण जे ऐकले ते संगणकातून यूएसबी केबलने डॅकमध्ये (डिजिटल माहितीचे ध्वनीच्या विद्युतसंकेतात रूपांतर करणाऱ्या यंत्रात) आणि तिथून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जात होते. घरी आपले वडील फोन हातात ठेवून ब्लूटूथने गाणी लावणार आहेत, हे मी त्या दिवशी विचारायला हवे होते आणि विचारले नाही. सीडीच्या दर्जाचा आवाज, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ, दर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहितीचा असतो. लॉसलेस पद्धतीत ही माहिती दाबून बसवतात, पण तिच्यातले काहीही टाकून देत नाहीत. साध्या वर्गणीत मिळणारा चांगला दर्जा २५६ किंवा ३२० किलोबिटचा असतो आणि त्यात कानाला सहसा न जाणवणारा भाग वगळलेला असतो. आता ब्लूटूथकडे पाहा. त्यावरून आवाज दाबून पाठवण्याच्या, सर्वत्र चालणाऱ्या एसबीसी पद्धतीत नेहमीची वरची मर्यादा ३२८ किलोबिटच्या आसपास आहे. एलडॅक पद्धतीत ती ९९० पर्यंत जाते, परंतु त्यासाठी फोन आणि यंत्र या दोहोंत ती सोय असावी लागते आणि आपण घेतलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ती नाही. त्यामुळे सेवेने पाठवलेले लॉसलेस गाणे आपल्या फोनपर्यंत पूर्ण पोहोचत होते आणि फोनपासून स्पीकरपर्यंतच्या पाच फुटांत कापले जात होते. अ‍ॅपल म्युझिकने जून २०२१ मध्ये जादा पैसे न घेता लॉसलेस सुरू केले, तेव्हापासून ब्लूटूथची जोडणी लॉसलेस नसते हे अ‍ॅपल स्वतःच ग्राहकांना सांगत आली आहे. हे मला ठाऊक होते. आपल्याला सांगायचे मात्र राहिले.

दुसरी चूक मला अधिक लागली, कारण ती आपल्या लक्षात येण्यासारखी नव्हती. दुकानात आपण दोन्ही सेवा एकामागून एक ऐकल्यात आणि नवी सेवा "अधिक भरलेली" वाटते असे म्हणालात. बहुतेक सेवा सगळी गाणी आपापल्या ठरावीक पातळीच्या आवाजावर आणून वाजवतात, ही पातळी सेवेगणिक वेगळी असते आणि ही सोय बंदही करता येते. आपला अभिप्राय वाचल्यावर मी तीच दोन गाणी त्याच यंत्रावर लावून मोजली, तेव्हा नव्या सेवेचा आवाज सुमारे दोन डेसिबलने मोठा निघाला. एवढा फरक माणसाला अनेकदा मोठा आवाज म्हणून नव्हे, तर चांगला आवाज म्हणून जाणवतो. दोन्ही पातळ्या सारख्या केल्याशिवाय केलेली तुलना म्हणजे तराजूचे पारडे आधीच झुकलेले असताना केलेले वजन होय. मी हे जाणूनबुजून केले नव्हते, पण पैसे आपण त्या तुलनेवर विश्वास ठेवून भरलेत.

नाट्यपदांविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. ती सेवेत नाहीत असे नाही. बरीचशी आहेत, पण सापडत नाहीत. आपल्या मिरजेच्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्याच नावाचे उदाहरण घ्या. 'करीम'मधला दीर्घ ई रोमन लिपीत कोणी एका अक्षराने लिहितो, कोणी दोन, आणि मग एकाच गायकाची दोन-तीन पाने तयार होऊन गाणी त्यांत विखुरतात. बालगंधर्वांच्या पदांचेही तेच होते. एका पानावर गायकाचे नाव असते, दुसऱ्यावर संकलनाचे, आणि राग, ताल, नाटक यांची नोंद बहुधा कुठेच नसते. ज्या गावात तंबोरे घडतात तिथल्या श्रोत्याने राग सांगून गाणे मागावे आणि यंत्राला ते कळू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून सेवा निवडताना गाण्यांच्या कोटींच्या आकड्याला मी फारसे महत्त्व देत नाही. घरातल्या माणसाच्या आवडीची वीस गाणी तिथे किती वेळात सापडतात, हे मी पाहतो. ही परीक्षा आपल्या वडिलांना सोबत बसवून पैसे भरण्याआधी व्हायला हवी होती.

शिवाय ही पदे मुळात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरची आहेत. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे, आणि ध्वनीची व्याप्ती आजच्या मानाने फारच अरुंद. अशा ध्वनिमुद्रणाला लॉसलेस वर्गणीने फार काही मिळत नाही. तबकडी कोणत्या स्थितीतली होती, ती योग्य वेगाने फिरवली होती का आणि खरखर काढताना गायकाचा श्वासही पुसला गेला का, यावर सगळे अवलंबून असते. वडील प्रामुख्याने हेच ऐकत असतील, तर साधी वर्गणी त्यांना पुरेशी आहे, असे माझे आजचे स्पष्ट मत आहे. उलट त्यांनी अलीकडच्या मैफलींची ध्वनिमुद्रणे ऐकायला घेतली, तर क्रॉसफेड ही सोय आवर्जून बंद ठेवावी. आलाप एका भागात आणि बंदिश पुढच्या भागात असली, की एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढतो आणि समेचा विचका होतो.

पैसे कापले गेल्याबद्दल दुकानातून मिळालेले उत्तर चुकीचे होते आणि त्याबद्दल मी आपली क्षमा मागतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशी आपोआप होणारी वजावट होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना यावी लागते, आणि परवानगी रद्द करण्याचा अधिकार ग्राहकाचा असतो. आपण यूपीआयने परवानगी दिली असेल, तर त्याच अ‍ॅपमधील ऑटोपेच्या भागात ती दिसेल व तिथूनच थांबवता येईल. फोनमधून गाण्यांचे अ‍ॅप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. एक गोष्ट आधी करावी: वडिलांनी जमवलेल्या याद्या कागदावर उतरवून ठेवाव्यात, कारण डाउनलोड केलेली गाणी वर्गणीबरोबर बंद होतात. सेवा स्वतःही कायम राहतेच असे नाही. विंक म्युझिक २०२४ मध्ये बंद झाले, तेव्हा आमच्या अनेक ग्राहकांना आपल्या याद्या नव्याने कराव्या लागल्या.

आपल्याकडून घेतलेले जोडणीचे पैसे मी परत करत आहे, कारण आपल्या वापराचा विचार न करता केलेली जोडणी पूर्ण झाली असे मी मानत नाही. आपली परवानगी असल्यास येत्या रविवारी सकाळी मी स्वतः मिरजेला येईन. फोन केबलने जोडून, दोन्ही सेवांचा आवाज मोजून सारखा करून, कोणती सेवा चालू आहे हे न सांगता वडिलांना तेच पद दहा वेळा ऐकवू. पाच-सहा वेळाच ओळख पटली, तर ती नाणेफेकीइतकीच समजावी आणि महाग वर्गणी त्याच दिवशी बंद करावी. नऊ-दहा वेळा पटली, तर केबल कायमची बसवून देतो, तिचे पैसे घेणार नाही. निकाल काहीही लागला तरी आपला अभिप्राय बदलावा अशी माझी विनंती नाही. वडिलांना त्यांच्या आवडीची चार पदे तेवढी आठवून ठेवायला सांगावे.