नाना आले तर घाबरू नका

भाऊ, फौजेत आजारी पडायचं असेल तर आधी नकाशा पाहून घ्या. बीपी सुरू व्हायचा तर सियाचीनले व्हावा, निदान फील्ड पोस्टिंगवर तरी. पुलगावसारख्या ठिकाणी चक्कर आली तर दाबून ठेवा, ते पीस स्टेशन आहे, तिथला आजार नोकरीमुळे झाला असं धरत नाहीत. बाजूला दारूगोळ्याचा डेपो असला म्हणून काय झालं, कागदावर शांतता आहे न.

मी इथंच चुकलो. बॉर्डरवर होतो तेव्हा कोणी दंडाला पट्टा लावून पाहिलाच नाही, अन् पीसला आल्यावर तिसऱ्या महिन्यात मशीनने 160/100 दाखवलं. रिटायर होताना मेडिकल बोर्डाने 30 टक्के अपंगत्व दिलं, तेही कायमचं, अन् खालच्या रकान्यात लिहिलं की आजार नोकरीमुळे झाला नाही आणि नोकरीने वाढला पण नाही, म्हणजे अपंगत्वाची पेन्शन नाही. 'Neither Attributable Nor Aggravated' या लांबलचक इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांचं छोटं नाव होते नाना. आमच्या गावातले नाना पण पारावर बसून सगळ्यायले नाहीच म्हणतात, त्यामुळे मला परकं वाटलं नाही.

बोर्डासमोर घरचं काही बोलू नका. डॉक्टर साहेबांनी प्रेमाने विचारलं, घरी कोणाला बीपी? मी म्हटलं बाबाले होता, कापसाचा भाव पाहून कोणाले नसते साहेब! झालं. वावराच्या फेरफारासाठी तलाठ्याकडे आठ चकरा मारल्या होत्या, आजार मात्र पाच मिनिटांत बाबाच्या नावावर चढला.

आता अपील. मुदत सहा महिने असते अन् ती भरपूर वाटते, म्हणून पेरणी होऊ द्या, मग फवारणी, मग वेचणी, मग दिवाळी, अन् शेवटच्या आठवड्यात तालुक्याला झेरॉक्स काढायला जा. माझ्या झेरॉक्सवाल्याचा अंगठा नेमका बोर्डाच्या मतावर आला, 'नाही' तेवढं गायब, घरी येऊन वाचलं तर मंजूरच झालेलं! बायकोने शिरा पण केला होता.

पहिलं अपील गेलं की दुसरं, तेही गेलं की आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, आपल्यासाठी त्याचं खंडपीठ मुंबईले, म्हणजे विदर्भ एक्सप्रेसचं वेटिंग तिकीट अन् डब्यात ठेचा-भाकर. तिथं वकील सांगेल की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच झाला असं धरायचं, तसं नाही हे सरकारने सिद्ध करायचं, हे सुप्रीम कोर्टाने 2013 ला धरमवीर सिंग केसमध्ये म्हटलंय. वकिलाचं ऐकू नका, एखादवेळी जिंकून बसाल. मग 2014 च्या रामअवतार निकालाने 30 टक्के अपंगत्वाचे 50 टक्के धरतील, म्हणजे अपंगत्वाची पेन्शन शेवटच्या पगाराच्या 15 टक्के, 40 हजार पगार असला तर महिन्याला 6 हजार. एवढ्या पैशाचं खेड्यात करता काय बाप्पा?

अन् हो, भरतीच्या मेडिकलचा कागद जपून ठेवा. माझा सापडला, धान्याच्या कोठीमागं, उंदराने फक्त तारीख खाल्ली.

परवा आरोग्य केंद्रात तपासलं, 178/110. सिस्टर म्हणे, कायले टेन्शन घेता फौजी? म्या म्हटलं अपीलचं आहे बाई, पण लिहू नका कुठं, हे रिटायर झाल्यावरचं आहे, हे धरत नाहीत.