चिरंजीवांचा पिवळा पट्टा कसा मिरवावा

सर्वप्रथम अभिनंदन. कराटेतला पांढरा पट्टा गेला, पिवळा आला. पहिल्या ग्रेडिंगला, म्हणजे पट्ट्याच्या परीक्षेला, बसलेल्या सगळ्याच मुलांना तो मिळाला, ही माहिती खरी असली तरी तुमच्या उपयोगाची नाही. तेव्हा तशी चौकशीच करू नका. एखाद्या चिकित्सक नातेवाइकाने "किती बसले होते आणि किती पास झाले?" असं विचारलंच, तर "आमचे सर फार कडक आहेत" एवढंच म्हणा. हे उत्तर कुठल्याच प्रश्नाचं नसल्यामुळे कुठल्याही प्रश्नाला चालतं.

पुढचा प्रश्न आकड्यांचा. कराटेत काळ्या पट्ट्याच्या खालच्या पायऱ्यांना क्यू म्हणतात आणि त्या उलट्या मोजतात. मूल पुढे सरकतं तसा आकडा लहान होत जातो. चिरंजीव नवव्या क्यूवरून आठव्यावर आले, असं सांगितलं की आत्याला वाटतं, मागच्या वेळी नववा नंबर आला होता, या वेळी आठवा. हा गैरसमज मुळीच दूर करू नका. उलट त्याला खतपाणी घाला. "पुढच्या वेळी सातवा आणायचाच, असं तो म्हणतोय." कितीजणांत सातवा, हे कुणी विचारत नाही. अशा रीतीने तो यथावकाश पहिल्या क्यूवर पोहोचला की घराण्यात पहिला येणारा मुलगा निपजला म्हणून नोंद होऊन जाईल.

पट्ट्याला वजन यायचं तर मागे परंपरा हवी. "हजारो वर्षांची साधना आहे ही" हे वाक्य पाठ करून ठेवा आणि इतिहासाच्या वाटेला जाऊ नका. तिथे निराशा आहे. जिगोरो कानो यांनी ज्युदो सुरू केला १८८२ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना पहिली दान, म्हणजे क्यूच्या वरची, श्रेणी दिली. कराटेत ही पद्धत कराटेगुरू गिचिन फुनाकोशींनी १९२४ मध्ये कानोंचं पाहून आणली. त्याआधी कराटेच्या माहेरी, ओकिनावा बेटावरचे कराटेवाले कमरेच्या रंगाशिवायच शिकत, शिकवत आणि म्हातारे होत. पिवळा-नारिंगी-हिरवा ही रंगांची शिडी तर आणखी अलीकडची. ती रुळली युरोपात, ज्युदोच्या वर्गांमध्ये. काळा पट्टा फार लांब आहे, मधेमधे काहीतरी दिसत राहिलं तर शिष्य टिकतात, असा साधा हिशेब. आणि हे शिष्य बाप्ये होते, सहा वर्षांची पोरं नव्हेत. तेव्हा रंग बदलला की उड्या माराव्याशा वाटतात याबद्दल तुम्ही स्वतःला दोष देऊ नये. ती सोय मोठ्यांसाठीच केलेली आहे.

आता प्रात्यक्षिक. पाहुणे सोफ्यावर टेकले की पाचव्या मिनिटाला "तो काता करून दाखव बरं" अशी हाक गेलीच पाहिजे. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. मूल चित्र काढत असेल, झोपेला आलं असेल, चालेल. हेइआन शोदान हा पहिला काता २१ हालचालींचा. सगळा मिळून मिनिटभराचासुद्धा नाही, त्यामुळे पाहुण्यांना नाही म्हणायला सवड मिळत नाही. फक्त जागेची पंचाईत होते. डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं, मग समोर तीन पावलं वरचा बचाव करत जायचं, आणि तिसऱ्या पावलाला ओरडायचं: किआई! दिवाणखान्यात पावलं दोनच बसतात. तिसऱ्याला टीपॉय आहे. त्यामुळे जे ओरडणं ऐकू येतं ते किआई की गुडघा, हे पाहुण्यांना कळत नाही. तुम्ही टाळ्या सुरू करा. पाहुण्यांना हेही सांगत बसू नका की अंको इतोसु नावाच्या गुरुजींनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावाच्या शाळांमध्ये कराटे नेलं आणि हे पहिले काता शाळेतल्या पोरांना झेपावेत म्हणूनच बांधले. "एवढ्याशा वयात एवढं अवघड!" हा पाहुण्यांचा उद्गार त्यांच्या तोंडातच राहील.

व्हिडिओचं तंत्र मात्र मनापासून शिकून घ्या, कारण या सगळ्या प्रकारात तुमचं असं कौशल्य तेवढंच आहे. फोन जमिनीलगत धरायचा. कमरेइतकी लाथ खालून पाहिली की छताला टेकल्यासारखी दिसते. हालचाल संथ करा. संथ गतीत तोल जाणंसुद्धा डौलदार दिसतं. सर "गुडघा वाकव, गुडघा" म्हणतायत तो आवाज काढून टाका आणि त्यावर ढोलाचं संगीत घाला. फळी फोडण्याचा कार्यक्रम असेल तर विशेष काळजी घ्या. लहान मुलांना पातळ फळी देतात, ती लाकडातल्या रेषांच्या दिशेने फुटेल अशीच धरतात, आणि कित्येक ठिकाणी ती प्लास्टिकची असते: फुटते, जोडतात, पुढचं मूल पुन्हा फोडतं. समजूतदार शिक्षक हे करतात कारण वाढत्या हाडांची टोकं कोवळी असतात आणि त्यांच्यावर पराक्रम करायचा नसतो. म्हणून छायाचित्र फळीचे दोन तुकडे झाल्यावरचं काढा, पुन्हा जोडतानाचं नको.

ज्युदोच्या पालकांची मला खरोखर कीव येते. तिथे सुरुवातीचे कितीतरी आठवडे मुलाला पडायला शिकवतात. मागे पड, बाजूला पड, हनुवटी छातीशी, हाताने गादीवर थाप. लोळण, थाप, पुन्हा लोळण. याचं काय मिरवणार? घरी येताना मूल मागच्या सीटवरून सांगतं, "आज मी जोरात पडलो आणि लागलंच नाही!" आणि त्याचा चेहरा फुललेला असतो. अशा वेळी "ते ठीक आहे, पण कुणाला पाडलंस का?" असं लगेच विचारा. दोन-चार वेळा विचारलंत की ते सांगायचं बंद होतं.

स्वसंरक्षणाचा मुद्दा हुकमी आहे. विशेषतः कन्यारत्न असेल तर "आता कुणाची हिंमत आहे बघू!" हे वाक्य पिवळ्या पट्ट्याच्या दिवशीच उच्चारून टाका. वीस किलोंच्या मुलीने सत्तर किलोंच्या माणसाला लोळवल्याचं चित्र डोळ्यांपुढे आणा आणि तिच्याही डोळ्यांपुढे आणून ठेवा. क्लासमध्ये एखादे सर तिला सांगतील की हात झटक, जीव खाऊन ओरड, पळत सूट, आणि जे झालं ते मोठ्या माणसाला येऊन सांग. हे ऐकून तुमचा हिरमोड होणं साहजिक आहे. पळायला आणि ओरडायला तर तिला फी भरण्याआधीपासून येत होतं. अशा सरांकडे "थोडं धाडसाचं शिकवा" अशी तक्रार करा.

स्पर्धेला पाठवणार असाल तर गट पारखून घ्या. वय, वजन, पट्टा अशा तीन चाळण्या लावल्या की भल्या मोठ्या स्पर्धेतही एखादा गट चार मुलांचा निघतो. कराटे आणि ज्युदो या दोन्हींत कांस्यपदकं दोन देण्याची रीत आहे. एक सुवर्ण, एक रौप्य, दोन कांस्य, मुलं चार. हे गणित स्वतः करा, नातेवाइकांना करू देऊ नका. चिरंजीव पहिलीच लढत हरले तरी गळ्यात काहीतरी लटकवून परततात. लढत कशी झाली म्हणाल, तर कराटेत एकाची आठ गुणांची आघाडी झाली की घड्याळात वेळ उरला असला तरी लढत थांबवतात. "वेळेआधीच निकाल लागला" असं सांगा. यातला शब्द न् शब्द खरा आहे.

मैदानाच्या कडेला तुमची जागा कुठे, हे आयोजकांनी आखून दिलेलं असतं. ती रेषा दुसऱ्यांच्या पालकांसाठी समजावी. "मार ना! अरे मार!" हा मंत्र अखंड चालू ठेवा. मूल एक डोळा प्रतिस्पर्ध्यावर आणि एक तुमच्यावर ठेवून लढतं, याने एकाग्रता वाढते असं समजा. गुण हुकला की पंचांच्या डोळ्यांबद्दल बोला. या कलेत आपण एकटे नाही, याचा दिलासाही आहे: ज्युदोच्या माहेरी, जपानात, तिथल्या महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा २०२२ मध्ये चक्क बंद करून टाकली. काहीही करून जिंकायचंच हा हव्यास, कोवळ्या पोरांना वजन उतरवायला लावणं, आणि कडेवरून पंचांवर ओरडणारे प्रशिक्षक व पालक, अशी कारणं होती. एका आख्ख्या राष्ट्रीय स्पर्धेला चीत करणं म्हणजे खायचं काम नाही.

यथावकाश दुष्काळ पडतो. सुरुवातीचे रंग भराभर येतात, मग दोन पट्ट्यांमधलं अंतर वाढतं, आणि मूल महिनोन्महिने तीच बैठक, तोच ठोसा घोटत राहतं. सरांच्या मते खरं शिक्षण इथे सुरू होतं. तुमच्या मते इथे काहीच होत नाही, कारण टाकायला फोटो नाही. यावर दोन उपाय. एक, जिथे शिडीला पायऱ्या जास्त तो क्लास शोधा. पट्ट्यावर आडव्या पट्ट्या चिकटवणारे, अर्धा रंग देणारे क्लास असतात. दुसरा, खेळच बदला: पुन्हा पांढरा, पुन्हा पिवळा, पुन्हा अभिनंदन. फक्त आधी नियम वाचून घ्या. तायक्वांदोत कुक्कीवॉन ही मुख्य संस्था १५ वर्षांखालच्या मुलांना दान देत नाही, पूम ही मुलांची श्रेणी देते, आणि पूमचा पट्टा अर्धा लाल अर्धा काळा. तो फोटोत अंधार करून पूर्ण काळा करता येईल. ब्राझिलियन जिउजित्सुच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडे तर काळ्या पट्ट्याचं किमान वय १९. एवढी वाट पाहायला मूल तयार असेलही, पण तुमचं काय?

एका संकटाची सूचना देऊन ठेवतो. कधीतरी सर तुम्हाला बाजूला घेतात आणि म्हणतात, "तुम्हाला एवढी आवड आहे, तर तुम्हीच या ना. मोठ्यांनाही शिकवतो मी." गुडघा, कंबर, ऑफिस, यांपैकी जे दुखत असेल ते ताबडतोब सांगा. कारण डोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, रांग पट्ट्याप्रमाणे लागते, वयाप्रमाणे नाही. पांढरे शेवटी. चिरंजीव तुमच्या पुढे उभे राहतील, जोडी लावली तर तुम्हाला त्यांच्यापुढे वाकावं लागेल, आणि "बाबा, गुडघा" असं ते सगळ्यांदेखत म्हणतील. तरीही अडकलातच, तर निदान पहिल्या ग्रेडिंगला त्यांच्या हाती फोन देऊ नका. ते तो उभ्याने, समोरून धरतात. लाथ जेवढी वर जाते तेवढीच दिसते.