उन्हाळ्यात टोमॅटो-मिरचीची फुलं का गळतात: त्या फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

दरवर्षी मार्च संपत आला की गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या सगळ्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. थोडक्यात मजकूर असा: उन्हाळ्यात टोमॅटो, मिरची, ढोबळीची फुलं गळतात कारण झाडाला पाणी आणि खत कमी पडतं, म्हणून दिवसातून तीन वेळा पाणी घाला, दर आठवड्याला चमचाभर युरिया द्या, आंबट ताक फवारा. उन्हात पानावर पाणी पडू देऊ नका, थेंब भिंगासारखं काम करून पान जाळतात. फळाच्या बुडाला काळा डाग आला तर एप्सम सॉल्ट आणि अंड्याची टरफलं टाका. पानं गुंडाळली किंवा फळ पिवळंच राहिलं तर व्हायरस आहे, झाड उपटून फेका. खालची पानं सगळी छाटा, वर ९० टक्के ऊन अडवणारं हिरवं नेट लावा, आणि मग भर मेमध्येही टोपलीभर टोमॅटो.

यातल्या काही गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत म्हणूनच तो पटतो. पण हे वाचून नवीन लोक चांगली जिवंत झाडं उपटतात किंवा पाण्याने कुजवतात आणि मग आपल्याला बाग जमत नाही म्हणून सोडून देतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच वाक्यात आहे. फुलं गळतात ती बहुतेक वेळा तहानेने नाही आणि भुकेनेही नाही, उष्णतेने गळतात, आणि त्यातही दुपारच्या उन्हापेक्षा रात्रीची उष्णता जास्त नडते. टोमॅटोला फळ धरायला रात्रीचं तापमान साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस लागतं, रात्र २४ च्या खाली उतरेनाशी झाली आणि दिवस ३२-३५ च्या वर जायला लागला की परागकण नीट तयारच होत नाहीत, जे होतात ते रुजत नाहीत, आणि फुलातला स्त्रीकेसर लांब होऊन परागांच्या पिवळ्या नळीच्या बाहेर डोकावायला लागतो म्हणजे स्वतःचेच पराग त्याच्यावर पडायचे ते पण नीट पडत नाहीत. फलन झालं नाही की झाड ते फूल ठेवत नाही. बघायचं असेल तर टोमॅटोच्या फुलाचं देठ जवळून बघा, मध्ये एक फुगीर सांधा दिसेल, तो आधी पिवळा पडतो आणि बरोब्बर तिथूनच फूल तुटतं. झाड आजारी नसतं, ते फळाचा खर्च टाळत असतं.

आणि हे नुकसान आजच्या उन्हाने झालेलं नसतं. पराग तयार होतात ते कळी अगदी बारीक असताना, फूल उमलायच्या आठ-दहा दिवस आधी. म्हणजे आज गळालेलं फूल मागच्या आठवड्यातल्या गरम रात्रींचा हिशोब देतंय, त्यामुळे काल खत घातलं आणि आज फुलं थांबली असं कुणी सांगितलं तर त्याचं श्रेय खताला देऊ नका, मधल्या काळात हवा बदलली असेल.

हे एकदा लक्षात घेतलं की आणखी एक कोडं सुटतं. मुंबई-ठाण्याचे लोक विचारतात की आमच्याकडे तर दुपारी ३३-३४ च असतं, पुण्यात एप्रिलमध्ये ३८-४० जातं, तरी पुण्यातल्या मैत्रिणीला टोमॅटो लागतात आणि आम्हाला नाही, असं कसं? तर पुण्यात, विशेषतः शहराच्या कडेला, एप्रिलमध्ये पहाटे पारा बऱ्याचदा २०-२२ पर्यंत उतरतो आणि मुंबईत तो २५-२७ च्या आसपास अडकून बसतो. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मेमध्ये दुपारी ४३-४५ आणि रात्रीही २८-३०, तिथे ताक शिंपडा नाहीतर आणखी काही शिंपडा, साध्या टोमॅटोला फळ धरणं अवघडच आहे.

मेसेजमध्ये टोमॅटो, मिरची आणि ढोबळी एकाच ओळीत टाकलेत, ते पण चूक. ढोबळी या तिघांत सगळ्यात नाजूक, म्हणून तर शेतकरी ती शेडनेटमध्ये नाहीतर पॉलिहाउसमध्ये घेतात. लवंगीसारखी बारीक तिखट मिरची किंवा ज्वाला बरीच चिवट, एप्रिलमध्येही थोडंफार देत राहते. टोमॅटोमध्ये चेरी टोमॅटो मोठ्या फळांच्या जातींपेक्षा उन्हाळा बरा काढतात, आणि दिल्लीच्या पुसा संस्थेची पुसा सदाबहार ही जात तर थंड आणि गरम अशा दोन्ही प्रकारच्या रात्रींत फळ धरावं म्हणूनच काढलेली आहे. उन्हाळ्यातच टोमॅटो हवे असतील तर ताकाआधी बियाणं बदला, आणि रोपं जानेवारी-फेब्रुवारीत लावा म्हणजे निदान पहिला बहर मार्चअखेरपर्यंत धरलेला असतो. एप्रिलमध्ये नर्सरीतून रोप आणून मेमध्ये फळाची वाट बघणं म्हणजे त्या रोपावर अन्याय आहे.

आता तीन वेळा पाणी. दुपारी एक-दोन वाजता पानं माना टाकतात ते बघून जीव कासावीस होतो हे मान्य, पण बऱ्याचदा कुंडीत पाणी भरपूर असतं, मुळं जेवढं ओढतात त्यापेक्षा पानांतून उडतं जास्त, म्हणून झाड पानं खाली सोडतं. संध्याकाळी सहा-सातला परत ताठ झालं तर त्याला काही झालेलं नाही. सकाळी सकाळीच मलूल असेल तर मात्र ती खरी तहान, किंवा मग मुळं कुजलीत. ओळखायला बोट पुरतं, मातीत दोन इंच घालून बघा, ओलसर लागलं तर पाणी नको. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर जास्तच सांभाळा, ते वरून कोरडं ठणठणीत दिसतं आणि खाली चिखल असतो. सतत ओल्या गरम मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, मग पाणी असून झाड पिऊ शकत नाही, सुकतं, आणि मेसेजवाला माणूस म्हणतो अजून पाणी घाला.

एक मात्र खरं आहे, की आठ इंची कुंडीत टोमॅटो लावला असेल तर विदर्भ-खानदेशाच्या मेमध्ये एकदा पाणी पुरणारच नाही, सकाळ-संध्याकाळ लागेल. पण तो कुंडीचा दोष आहे. टोमॅटोला १५ बाय १५ इंचाची ग्रोबॅग (झाडं लावायची पिशवी) आणि मिरचीला १२ बाय १२ ची असेल तर सकाळी लवकर, खालून निथळेपर्यंत एकदा पाणी, वर वाळलेल्या पानांचा किंवा उसाच्या पाचटाचा दोन-तीन इंच थर, आणि संध्याकाळी बोट घालून तपासणी, बहुतेक ठिकाणी एवढ्यात भागतं.

पाण्यापेक्षा मुळांच्या गरमीकडे बघा हो! काळी ग्रोबॅग, खाली तापलेला स्लॅब, पश्चिमेची भिंत, या तिन्हींमध्ये मातीच भाजून निघते. बॅगा विटांवर ठेवा म्हणजे खालून हवा जाईल, पश्चिमेच्या बाजूने गोणपाट गुंडाळा किंवा बाहेरून पांढरा रंग मारा, कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा म्हणजे एकीची सावली दुसरीला मिळते. या गोष्टींना पैसे जवळपास लागत नाहीत आणि कुठल्याही फवारणीपेक्षा फरक जास्त पडतो, पण मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

युरियाचं तर सरळ सांगते, नको. युरियातल्या जास्त नत्राने (नायट्रोजनने) झाड पानांवर जातं, फुलं आणखी गळतात, कोवळ्या लुसलुशीत शेंड्यांवर मावा आणि पांढरी माशी तुटून पडते, आणि कुंडीतल्या एवढ्याशा मातीत उन्हाळ्यात चमचाभर युरिया मुळं जाळू शकतो. महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत, बस. ताकाचं म्हणाल तर पानांवर भुरी (पांढरी पिठासारखी बुरशी) आली तर ताक-दुधाच्या पातळ फवारणीचा थोडा उपयोग होतो, पण बिघडलेला पराग ताकाने दुरुस्त होत नाही, उलट उमललेलं फूल भिजलं की पराग चिकटून बसतात. शेतकऱ्यांना मिरचीच्या फूलगळीसाठी एनएए या संजीवकाची (झाडाच्या वाढीवर काम करणाऱ्या रसायनाची) शिफारस असते, पण ते फार थोड्या, मोजून मापून घेतलेल्या प्रमाणात द्यायचं असतं, घरच्या चार झाडांसाठी त्याच्या मागे लागू नका.

फुलांना खरी मदत करायची असेल तर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फुलांच्या घोसामागे टिचकी मारा किंवा इलेक्ट्रिक टूथब्रशची मागची बाजू देठाला लावा. टोमॅटोचे पराग नळीत बंद असतात, ते थरथरल्यावर पडतात. आपल्याकडे हे काम काळा भुंगा करतो, फुलाला धरून गुणगुणतो तेव्हा तेच चाललेलं असतं, मधमाशीला ते जमत नाही. गच्चीवर भुंगे येत नसतील तर टिचकी मारा, पण रात्री गरम असतील तर टिचकीनेही चमत्कार होणार नाही.

भिंगाची गोष्ट तर आपल्या आजोबांपासून चालत आलीय. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१० मध्ये हे नीट तपासलं, गुळगुळीत पानावर बसलेल्या थेंबातून ऊन एकवटतं ते पानाच्या खूप खाली, पानावर नाही, त्यामुळे पान जळत नाही. मेणचट लव असलेल्या काही पानांवर थेंब वर उचलून धरला जातो, तिथे त्यांना भाजल्याच्या खुणा मिळाल्या, पण असे थेंब सहसा आधीच घरंगळून जातात. पाऊस पडून लगेच ऊन पडतं तेव्हा शेतंच्या शेतं जळताना कुणी बघितलीत का? दुपारी पाणी टाळायचं खरं कारण वेगळंच आहे, गच्चीवरच्या टाकीतलं आणि उन्हात पडलेल्या पाइपमधलं पाणी कढत असतं, ते मुळांवर जातं. फारच गरज पडली तर आधी पाइपमधलं पाणी बादलीत सोडा, हाताला गार लागलं की मग घाला.

बुडाच्या काळ्या डागाबद्दल निदान अर्धं बरोबर आहे, तो कॅल्शियमशी संबंधित आहे. पण मातीत बहुतेक वेळा कॅल्शियम असतं, ते फळापर्यंत पोचत नाही एवढंच. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथून पाणी जास्त उडतं तिकडे जातं, म्हणजे पानांकडे. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी धो धो असं पाणी मिळालं की फळाच्या टोकाला टंचाई होते आणि तो भाग काळा पडून चामड्यासारखा होतो. इलाज म्हणजे एकसारखी ओल आणि आच्छादन. अंड्याची टरफलं कुजायला कित्येक महिने लागतात, या हंगामात त्यांचा उपयोग नाही. आणि एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, त्यात कॅल्शियम नावालाही नाही, उलट जास्त मॅग्नेशियम झालं तर कॅल्शियम शोषायला अडथळाच येतो!

आता ज्या सल्ल्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं तो, पानं गुंडाळली की उपटा. थांबा, आधी पान बघा. टोमॅटोची खालची, जुनी पानं लांबीला वरच्या बाजूने नळीसारखी वळलीत, हिरवीगार आहेत, हाताला जाडसर लागतात आणि शेंडा नीट वाढतोय, तर तो उन्हाळ्याचा परिणाम, पाणी वाचवायला झाडाने केलेली सोय. लीफ कर्ल व्हायरस असेल तर उलट कोवळ्या शेंड्याकडची पानं बारीक, सुरकुतलेली, कडा पिवळट, आणि झाड खुजं राहतं. तो पांढऱ्या माशीने पसरतो आणि त्याला औषध नाही, ते झाड मात्र खरंच काढायचं. मिरचीचा चुरडा-मुरडा (पानं आक्रसून मुरडणं) बघताना पानाची दिशा बघा, कडा वर वळून होडीसारखं झालं तर बहुधा फुलकिडे, खाली वळून लांबट झालं तर कोळी ही बारीक कीड. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला की फुलकिडे चालताना दिसतात. या दोन्हीसाठी झाड उपटायचं कारण नाही, पाच टक्के निंबोळी अर्क पानाच्या खालच्या बाजूने, आणि तो संध्याकाळीच, भर उन्हात नीमतेल मारलं तर पानं करपतात.

पिवळ्या फळाचंही तेच. टोमॅटोचा लाल रंग लायकोपिन या रंगद्रव्यामुळे येतो आणि ३० च्या वर तापमान राहिलं की ते नीट बनत नाही, फळ पिवळं-नारंगी राहतं. रंग फिरायला लागला की फळ तोडून घरात सावलीत ठेवा, चांगलं लाल होतं, चवीतही फारसा फरक नाही. २०२० च्या मेमध्ये नगर-पुणे पट्ट्यात टोमॅटोचा रंग बिघडवणारा रोग आला होता, तिरंगा व्हायरस म्हणायचे, तेव्हा लोकांनी घाबरून टोमॅटो खाणं सोडलं आणि शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. वनस्पतींचे हे रोग माणसाला होत नाहीत.

छाटणीचा सल्ला पावसाळ्यासाठी ठीक आहे, तेव्हा हवा खेळायला हवी. मेमध्ये पानं हीच फळांची छत्री, ती काढली की फळावर पांढरा, कागदासारखा भाजल्याचा चट्टा पडतो, ढोबळीवर तर हमखास. मातीला टेकलेली तेवढी काढा. आणि ९० टक्क्यांचं नेट नको, त्याखाली झाड उंच, किडकिडीत होतं आणि फुलंच धरत नाही. ३५ ते ५० टक्के पुरे, तेही झाडाच्या दोन-तीन फूट वर, पश्चिमेकडे उतरतं, म्हणजे सकाळचं ऊन अकरापर्यंत मिळेल आणि दुपारचं अडेल. नेट नसेल तर जुनी पांढरी सुती साडी बांधा, छान काम होतं.

मग एप्रिल-मेमध्ये करायचं काय, तर फळाची घाई सोडून झाड जगवायचं. मेअखेर मिरची एक तृतीयांश छाटून गांडूळखत द्या, ती जूनच्या पावसावर नव्याने फुटते आणि नीट सांभाळली तर दोन-तीन वर्षं टिकते. टोमॅटोचं झाड उन्हाने थकलेलं असलं तरी निरोगी असेल तर बगलेतले फुटवे वीतभर तोडून पाण्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं येतात, ती रोपं जूनमध्ये लावून टाका. लीफ कर्लवाल्या झाडाचे फुटवे मात्र घेऊ नका. पहिल्या पावसानंतर रात्री २२-२३ वर आल्या तरी लगेच फळं दिसणार नाहीत, नव्या कळ्या येऊन उमलायला दोनेक आठवडे आणि फळ पिकायला पुढे दीड महिना धरा.